वाचक विचारतात : अर्धवट आठवणारे गाणे कसे ओळखावे?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या संगीतविषयक पत्रांपैकी बऱ्याच पत्रांतील अडचण एकच आहे. गाणे मनात घोळत राहते, पण त्याचा मुखडा म्हणजे पहिली ओळ, गायक, राग, नाटक किंवा चित्रपट यांपैकी काहीच धड हाती लागत नाही. त्यांतील चार पत्रे निवडून त्यांना या अंकात एकत्र उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : आमच्या कुरुंदवाडच्या वाड्यात आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता. त्यावर लागणारी एक तबकडी मला आजही अस्वस्थ करते. तिच्यातले ‘पिया’ आणि ‘चैन’ हे दोनच शब्द आठवतात. आवाज पुरुषाचा होता, पण इतका बारीक आणि उंच की तो बाईचा की पुरुषाचा यावर आम्हा भावंडांत वाद होत असे. वडील सांगत की ते ‘देवदास’ चित्रपटातले सैगल यांचे गाणे आहे. अलीकडे ते गाणे मुद्दाम मिळवून ऐकले. शब्द जुळतात, पण माझ्या कानातले गाणे हे नव्हे अशी खात्री वाटते. चूक माझ्या आठवणीची आहे की वडिलांच्या सांगण्याची?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे आणि आपल्या वडिलांचे सांगणेही निराधार नाही, कारण या शब्दांची दोन ध्वनिमुद्रणे आपल्याकडे घरोघरी पोहोचली होती. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटी रागातील ठुमरी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी गायिली आणि तिची तबकडी अतिशय लोकप्रिय झाली. तीच ठुमरी न्यू थिएटर्सच्या १९३५ च्या हिंदी ‘देवदास’मध्ये कुंदनलाल सैगल यांनी गायिली. चित्रपटाचे नाव लोकांच्या तोंडी अधिक असल्यामुळे ही ठुमरी कानावर पडली की ‘सैगलची’ असे म्हणण्याची सवय पुढच्या पिढीला लागली आणि खाँसाहेबांची तबकडी ज्या घरात होती त्या घरातही ते नाव चिकटले.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी आपल्याजवळ सर्वांत भक्कम पुरावा आहे तो आवाजाचा. सैगल यांचा आवाज भरीव, खालच्या स्वरांकडे झुकणारा आणि किंचित अनुनासिक आहे. तो बाईचा असावा असे कोणालाही वाटणार नाही. अब्दुल करीम खाँ यांचा आवाज मात्र बारीक, टोकदार आणि उंच पट्टीत सहज राहणारा होता. मुले ज्याच्याबद्दल भांडतील असा आवाज या दोघांपैकी एकाचाच आहे. त्यातच गावही जुळते. खाँसाहेबांचे दीर्घकाळ वास्तव्य मिरजेत होते, तिथल्या मीरासाहेब दर्ग्याशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि मिरज, सांगली, कुरुंदवाड, इचलकरंजी या टापूत ज्या घरी ग्रामोफोन असे त्या घरी त्यांची एखादी तरी तबकडी असण्याचा संभव मोठा होता. गदग येथे बालपणी एका दुकानात हीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी गाण्याच्या शोधात घराबाहेर पडले, ही हकिगत तर सर्वश्रुत आहे.

यात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. चावीच्या ग्रामोफोनवर ऐकलेल्या आवाजाच्या उंचीवर पूर्ण विसंबता येत नाही. त्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गतीने वाजवायच्या असत. गती ठरवणारा खटका पुढे सरकलेला असेल आणि तबकडी ७८ ऐवजी ८३ च्या आसपास फिरत असेल, तर सगळे गाणे साधारण अर्ध्या स्वराने वर चढते, म्हणजे हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीतले गाणे लगतच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येते. चावी उतरत आली की याच्या उलट घडते. आपल्या आजोबांचे यंत्र वेगाने फिरत असेल तर कोणाचाही आवाज थोडा बारीक वाटला असता. परंतु सैगल यांच्या आवाजाला बाईच्या आवाजाचा भास व्हावा इतका वेग कोणत्याही चालू यंत्रात शक्य नाही. त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

आपण शोध घेतलात तेव्हा खाँसाहेबांची तबकडी न सापडता चित्रपटगीतच का समोर आले, हा पत्रातील न विचारलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची गाण्यांची जवळजवळ प्रत्येक सूची, मग ती छापील असो वा संगणकावरची, मुखड्याच्या पहिल्या शब्दापासून अकारविल्हे लावलेली असते. स्मृती मात्र मुखडा क्वचितच नीट जपते. ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडलेला शब्द जपते, अंतऱ्यात तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, लागलेला आवाज जपते, तबकडीच्या एका ठिकाणी सुई अडकून पुन्हा पुन्हा येणारे अक्षर जपते. म्हणून शोधणाऱ्याचे पहिले काम असते ते आठवणीत जे आहे त्याचे सूचीला समजेल अशा रूपात भाषांतर करण्याचे. ‘पिया’ने सुरू होणाऱ्या ठुमऱ्या, दादरे आणि चित्रपटगीते यांची संख्या एवढी आहे की त्या एका शब्दाचा उपयोग नाही, ‘चैन’ हा मुखड्याच्या शेवटचा शब्द असल्याने सूचीत तो दिसत नाही. शिवाय हाच मुखडा काही सूचींत ‘पिया बिन नाही आवत चैन’ असा, तर काहींत ‘पिया बिन आवत नाही चैन’ असा छापलेला आढळतो. शब्दांची अशी अदलाबदल करून दोन्ही प्रकारे शोधले, आणि त्याबरोबर ‘झिंझोटी’ हा शब्द जोडला, तर आपल्याला हवी ती तबकडी पहिल्या काही निकालांतच मिळेल.

राग माहीत नसेल तर काय करायचे? घरात हार्मोनियम असेल तर गाणे संपताना ज्या स्वरावर टेकते तो शोधावा, त्याला षड्ज म्हणावे आणि पहिल्या ओळीचे आठ-दहा स्वर कागदावर लिहावेत. झिंझोटीत निषाद कोमल असतो आणि गाणे वारंवार मंद्र सप्तकात, खालच्या धैवत-पंचमापर्यंत उतरून पुन्हा षड्जावर येते. आपल्या आठवणीतला सूर असा खाली डोकावून येत असेल तर आणखी एक पुरावा हाती आला असे समजावे. हे काम आपल्याला जमणार नसेल तर कोणत्याही गायनवर्गातील चौथ्या-पाचव्या वर्षाचा विद्यार्थी ते पाच मिनिटांत करून देईल. ओळख पटवण्याच्या कामात अशा विद्यार्थ्यांचा उपयोग जेवढा होतो तेवढा, माझ्या मते, नामवंतांचा होत नाही, कारण नामवंत गायक आपल्याला आवडणाऱ्या गाण्याकडे संभाषण फार लवकर वळवतात.

मूळ तबकडी घरात अजून असेल तर शोधाचे निम्मे काम तीच करते. मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर गायकाचे नाव, बऱ्याचदा राग आणि गाण्याचा प्रकार, शिवाय कंपनीचा क्रमांक असतो. कागद फाटला असेल तर त्याच्याभोवतीच्या गुळगुळीत कड्यात, जिथे सुई शेवटी येऊन थांबते तिथे, बारीक अक्षरांत कोरलेला ध्वनिमुद्रणाचा क्रमांक भिंगाखाली वाचता येतो. हे क्रमांक लावून ठेवण्याचे काम आपल्याकडे हौशी संग्राहकांनी केले आहे; मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने त्यासाठी आपले नियतकालिकही चालवले. तबकडीची दुसरी बाजूही दुर्लक्षू नये. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावते, त्यामुळे एका बाजूमागून दुसरी बाजू लावण्याची सवय सर्वांनाच होती, आणि लहानपणीच्या आठवणीत दोन्ही बाजूंची गाणी मिसळून एक तिसरेच गाणे तयार झालेले पुष्कळदा दिसते.

प्रश्न : मी निवृत्तीनंतर गायन शिकू लागले. बिहाग रागातील ‘बालम रे मोरे मन के’ हा छोटा ख्याल बाईंनी शिकवला आणि पहिल्याच दिवशी वाटले की ही चाल मला शिकण्याआधीपासून येते. माझी आत्या कामे करताना हेच काहीसे गुणगुणत असे, मात्र तिचे शब्द मराठी होते. त्यांतला ‘आत्मा’ एवढाच शब्द आठवतो. तो अभंग असावा म्हणून मी बरेच अभंगसंग्रह पाहिले, पण उपयोग झाला नाही. हिंदी शब्दांवरून शोधले तर प्रत्येक वेळी सैगल यांचेच एक गाणे येते, ज्याची चाल अगदी वेगळी आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली आत्या अभंग म्हणत नव्हती. ती ‘मम आत्मा गमला हा’ हे नाट्यपद गुणगुणत होती. हे पद कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ या नाटकातले असून ते रुक्मिणीच्या, म्हणजे रंगभूमीवर बालगंधर्वांच्या, तोंडी होते. ‘स्वयंवर’च्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे गुरू. ख्यालगायकीच्या बंदिशींचा मोठा साठा त्यांच्याकडे होता आणि त्यांनी तो या नाटकासाठी मोकळ्या हाताने वापरला. आपण शिकलेली बिहागमधली बंदिश हीच या पदाची मूळ चाल आहे. आपण शिकण्याआधीपासून ती चाल आपल्याला येत होती हे म्हणूनच शब्दशः खरे आहे.

‘आत्मा’ या शब्दाने आपल्याला अभंगांकडे नेले यात नवल नाही. एकाच शब्दावरून प्रकार ठरवला की असे घडते. खाडिलकरांच्या पदांत संस्कृत शब्द मुबलक आहेत आणि प्रियकराबद्दल बोलणारी त्यांची नायिका ‘मम आत्मा’ म्हणते तेव्हा त्यात वैराग्य मुळीच नसते. उलट दिशेने पाहिले तर सैगल यांचे जे गाणे आपल्याला दर वेळी भेटते ते वरच्या पत्रातल्याच ‘देवदास’मधील ‘बालम आय बसो मोरे मन में’ हे असणार. ‘बालम’, ‘मोरे’ आणि ‘मन’ हे तिन्ही शब्द जुळत असल्यामुळे कोणतेही शोधयंत्र ते गाणे पुढे करील, कारण यंत्र शब्द पाहते, चाल पाहत नाही. ठुमरी-ख्यालांच्या शब्दसंपत्तीत बालम, पिया, सैंया, मन, नैन, चैन ही मोजकी मंडळी फिरून फिरून येत असतात. केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

संगीत नाटकांच्या बाबतीत मराठी वाचकाच्या हाती शोधाचे एक उत्तम साधन आहे आणि त्याचा पुरेसा वापर होत नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ यांचा उल्लेख असतो. ‘चाल’ या शब्दापुढे ज्या बंदिशीवर, ठुमरीवर, गझलेवर, लावणीवर किंवा कानडी पदावर ते पद बेतले आहे तिचे पहिले शब्द दिलेले असतात. नटाला नोटेशन वाचता येत नसले तरी मूळ चीज ठाऊक असे, आणि एवढ्या खुणेवर तो पद बसवू शके. आज तीच खूण आपण उलटी वापरू शकतो. बंदिश माहीत असेल तर पद शोधता येते आणि पद माहीत असेल तर बंदिश. जुन्या प्रतींत तालाचे नाव ‘त्रिवट’ असे दिसले तर गोंधळू नये. आज आपण ज्याला त्रिताल म्हणतो तोच बहुधा अभिप्रेत असतो. नाट्यपदांचे काही नवे संग्रह निघाले आहेत त्यांत पदांचे शब्द तेवढे ठेवून ही डोक्यावरची ओळ गाळलेली असते. जागा वाचवण्याच्या नादात संपादकांनी पदाची वंशावळच काढून टाकली, असे मला वाटते. सुदैवाने ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर पुष्कळ पदांबरोबर राग, ताल आणि मूळ चाल यांची नोंद आहे, आणि तिथे नाटकाच्या, कवीच्या किंवा रागाच्या नावावरून शोधता येते.

बंदिशीच्या बाजूने जायचे असेल तर विष्णु नारायण भातखंडे यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ पाहावी. सहा भागांच्या या मालेत रागवार बंदिशी स्वरलिपीसह दिलेल्या आहेत. स्वरलिपीतून ओळख पटवताना स्वरांच्या चढउतारांपेक्षा समेकडे लक्ष ठेवावे, कारण एकाच रागातल्या दहा बंदिशींची वळणे एकमेकींसारखी असू शकतात. बिहागात तर आरोहातले रिषभ-धैवत गळल्यामुळे सुरुवातीच्या वाटाच मोजक्या उरतात. वेगळी असते ती मुखड्याची उठावणी, म्हणजे तो कितव्या मात्रेपासून निघतो आणि कोणते अक्षर समेवर येऊन पडते ही गोष्ट. आपण हाताने ताल धरून बंदिश म्हणा आणि लगेच त्याच ठेक्यात पद म्हणा. दोन्ही पाठोपाठ म्हटले की त्यांचे नाते आपल्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

हा उपाय सगळ्या नाट्यपदांना लागू पडत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्र’पासून नाटकांत साकी, दिंडी, अंजनीगीत अशा ठरीव छंदांतील पद्ये विपुल आहेत, आणि त्यांची चाल पद्याची नसून छंदाची असते. आठवणीत फक्त दिंडीची चाल उरली असेल तर तिच्यात शेकडो पद्ये बसतील. तिथे एखादा शब्द, एखादे पात्र, निदान कथाप्रसंग आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रश्न : लहानपणी रत्नागिरीला पहाटे रेडिओ लावला की कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी एक धून वाजे. शब्द नव्हते. व्हायोलिनसारखे वाद्य आणि मागे तंबोरा एवढे आठवते. मी ती मोबाइलला गुणगुणून दाखवली, पण त्याने भलतीच चित्रपटगीते दाखवली. ती धून कोणाची आणि कोणत्या रागातली?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती आकाशवाणीची ओळखधून. ती १९३६ च्या सुमारास वॉल्टर कॉफमन यांनी रचली. आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्ल्सबाद येथे १९०७ मध्ये जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आले आणि १९४६ पर्यंतच्या वास्तव्यात मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम त्यांनी पाहिले. धून शिवरंजनीची आहे. भूप रागाचेच पाच स्वर घेऊन त्यांतला गंधार कोमल केला की शिवरंजनीचे स्वर मिळतात, आणि पहाटेच्या त्या धुनेतली हुरहुर बरीचशी त्या एका गंधाराची आहे.

मोबाइलने भलती गाणी दाखवली त्याचे कारणही याच स्वरांत आहे. हिंदी चित्रपटसंगीतात शिवरंजनीवर आधारलेली गाणी भरपूर आहेत. गुणगुणण्यावरून शोध घेणारी सोय, जी गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केली, ती आपल्या सुरांच्या चढउतारांची तुलना आपल्या साठ्यातील गाण्यांशी करते आणि ज्यांच्याशी अधिक मेळ बसेल ती पुढे ठेवते. शझामसारख्या सोयींची रीत वेगळी आहे. त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा ओळखतात, त्यामुळे त्यांना मूळ ध्वनिमुद्रणच ऐकवावे लागते आणि आपल्या किंवा आजीच्या गळ्यातून आलेला सूर त्यांच्या कामाचा नसतो. गुणगुणून शोधायचे असेल तर शब्दांऐवजी ‘ला’ किंवा ‘ना’ वापरावे, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, टाळून स्वर सुटे लावावेत आणि दहा-पंधरा सेकंदांचा सलग भाग द्यावा. पट्टी कोणतीही चालते.

प्रश्न : आजी मुळशीकडची. तिच्या जात्यावरच्या ओव्यांपैकी एकीत भावाच्या बैलगाडीचे वर्णन होते, एवढेच मला आठवते. सूर मात्र पक्का आठवतो. ही ओवी कोणाची आणि ती कोणत्या पुस्तकात मिळेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : येथे ‘कोणाची’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा लागेल. जात्यावरची ओवी एका बाईकडून दुसरीकडे जाताना गावाचे, नदीचे, भावाचे नाव बदलत जाते, आणि आपल्या आजीने म्हटलेली ओवी अगदी त्याच शब्दांत दुसरीकडे असण्याची अपेक्षा धरू नये. परंतु तिच्या नात्यातली ओवी सापडण्याची शक्यता आपल्या बाबतीत बरीच चांगली आहे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायकांच्या सहवासातून उभे राहिले आणि त्यात मुळशी-मावळचा वाटा मोठा आहे. पुढे हा संग्रह ‘पारी’, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, या संस्थेने ध्वनिमुद्रणे आणि चित्रफितींसह लोकांसमोर आणण्यास सुरुवात केली. ओव्या विषयवार लावलेल्या असून त्यांत बहीण-भावाच्या नात्याच्या ओव्यांना मोठी जागा आहे. तिथून सुरुवात करावी आणि ‘भाऊ’ या एकाच शब्दावर न थांबता बंधू, बंधव, भाईराजा, तसेच गाडीसाठी गाडी, छकडा, दमणी, आणि बैलासाठी खिल्लारी, ढवळा, पवळा असे आजीच्या बोलीतले शब्द एकेक करून पाहावेत.

सुराबद्दल मात्र उलटे आहे. ओवी म्हणण्याच्या ढंगाला बायका ‘गळा’ म्हणतात. एकाच गळ्यावर शेकडो ओव्या म्हटल्या जातात, त्यामुळे त्यावरून ओवी सापडणार नाही. पण आजीचे माहेर कोणत्या बाजूचे होते याचा अंदाज मात्र गळ्यावरून बांधता येतो. आपल्याला तो पक्का आठवतो आहे, तेव्हा फोनवर तो आजच ध्वनिमुद्रित करून ठेवावा. शब्द येत नसतील तिथे नुसता सूर म्हणावा, आणि मग तो आजीच्या माहेरच्या एखाद्या वयस्कर बाईला ऐकवावा. ओवी पुढची बाई पुरी करते. बहुधा आपले वाक्य संपण्याआधीच.